डम्पी लेव्हल, चालू स्थितीत

फोटो प्रणितने काढले, खालच्या भगतांच्या मुलाने.
तिपाईचा एक, भिंगाचा एक,
पेटीतल्या हिरव्या मखमलीचा एक.
मखमलीला पडलेलं भोकही दाखव, म्हटलं.
काका, असं कोणी दाखवत नाही.
दाखव.

बोली पाच हजारांपासून. मुदत रविवार, रात्री दहा.

पामबीचचा रस्ता नव्हता तेव्हा
नेरूळच्या खाडीचा चिखल मी याच भिंगातून वाचला.
आता गुडघे तिपाईपेक्षा जास्त करकरतात.

शुक्रवारपर्यंत बोली साडेसहावर रेंगाळत होती.
मग एक आकडा थेट चौदा हजारांवर जाऊन उभा राहिला.
तीस वर्षं आकडेच लिहिलेत मी.
मधल्या पायऱ्या न चढता वर गेलेलं रीडिंग
खोडून पुन्हा घ्यायचं असतं.

फोन आला. आवाज साखरेचा, पोस्टिंग सीमेवरचं.
भिंगाला बुरशी आहे का, विचारलं नाही.
बुडबुडा ठरतो का, विचारलं नाही.
पाचशे कमी करा, तेही नाही.
ज्याला वस्तू हवी असते तो घासाघीस करतो हो.
याची नुसतीच बोली,
बोलाची कढी.
म्हणाला, एक चौकोन पाठवतो,
स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील.

पेटी उघडीच होती. सहज डोळा लावला.
समोरच्या इमारतीची टाकी खाली, आभाळ तिच्याही खाली,
चौथ्या मजल्यावरची चादर वरच्या दिशेने लोंबत होती.
जुन्या डम्पीत सगळं उलटंच दिसतं.
नवी पोरं गांगरायची, मी सांगायचो,
उलटं आहे एवढं लक्षात ठेव, मग चुकणार नाहीस.

येतील म्हणजे जातील.
कोणी तांदूळ आणून देणार असेल
तर त्याला माझ्या कोठीची किल्ली कशाला?

त्याने वर्दीतला फोटो पाठवला.
कुमुदने चष्मा लावला, फोटो मोठा केला.
तिचा दादा अठरा वर्षं फौजेत होता.
म्हणाली, नावाची पट्टी दादाच्या उजव्या खिशावर असायची,
ह्याची डावीकडे कशी?
मग बराच वेळ काही बोलली नाही.
कुकरच्या शिट्ट्याही तिने मोजल्या नसाव्यात,
भाताचा गिच्च गोळा झाला होता.

नंतर मेसेज: चोवीस हजार जमा.
मागोमाग फोन: साहेब, दहा जास्त गेले, परत करा,
लगेच, दहा मिनिटांत.
बुडबुडा मधोमध आल्याशिवाय मी कधी रीडिंग घेतलं नाही,
आणि घाईत तो कधीच मधोमध येत नाही.

मोजणी संपली की पहिल्या खुणेवर परत यायचं असतं.
चालत बँकेत गेलो, यंत्रात पासबुक सरकवलं.
करकर करत एकच ओळ उमटली:
व्याज, एकशे अठ्ठावीस रुपये.

तिथूनच त्याला सांगितलं,
सेक्टर दहा, तीन जिने, लिफ्ट नाही.
या, डोळा लावून बघा, रोख द्या, घेऊन जा.
आधी मी साहेब होतो, मग म्हातारा झालो,
त्यानंतर जो झालो तो इथे लिहीत नाही.
प्रणितने नंबर १९३० वर कळवला.

रविवारी सहा हजार आठशेला बोली थांबली.
ऐरोलीहून रेहाना मुकादम आल्या, डिप्लोमाच्या मुलांना सर्व्हे शिकवतात.
डोळा लावला आणि हसल्या: सर, उलटं!
बुरशी पाहिली, स्क्रू फिरवले,
मखमलीच्या भोकाचे तीनशे कमी केले.
नोटा मी दोनदा मोजल्या, त्यांच्यासमोर.
त्यांना राग आला नाही.

पेटी त्यांनी प्रत्येक जिन्याला खाली ठेवली.
मी वरून ऐकत होतो.
तळाशी पोचल्यावर झाकण उघडल्याचा आवाज आला,
बुडबुडा पाहत असणार.